परदेशी विद्यार्थी, कलाशिक्षण आणि आपला गोंदिया-भंडारा

निव्वळ रेखाचित्र शिकायला परदेशी विद्यार्थी भारतात येणार नाही. ते त्याला त्याच्या देशातही मिळते. चित्र, पाली, पुरातत्त्व आणि धम्म यांचा एकत्र अभ्यास मात्र त्याला इथेच करता येतो. यालाच आंतरविद्याशाखीय शिक्षण म्हणतात.

हे काही नवे नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेत होते. पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस तिथे गेले. शांतिनिकेतनात १९१९ मध्ये कलाभवन आले, १९३७ मध्ये चीनभवन. चित्रकला आणि चिनी बौद्ध ग्रंथ एकाच परिसरात, म्हणून आशियातून माणसे येत राहिली.

आज वाट अधिक मोकळी आहे. आयसीसीआर परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पात्र संस्था त्यांच्यासाठी २५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवू शकतात. या जागा मंजूर प्रवेशसंख्येच्या वर असतात. परदेशी मुले आली की आपल्या राखीव जागा जातील, ही भीती कार्यकर्त्यांच्या बैठकीत हमखास निघते, म्हणून हे नीट समजून घ्यावे.

आपल्याकडे काय आहे? पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप आणि कोरीव शिल्पे सापडली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. शिवाय झाडीपट्टीची रंगभूमी, जिचे पडदे आणि नेपथ्य हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. थायलंड, श्रीलंका किंवा जपानच्या विद्यार्थ्याला हे तिन्ही एका सत्रात पाहता येईल. पण पवनीत शिल्पाचे रेखाटन करताना त्यावरचा लेख वाचून दाखवणारा कोणी हवा. कला महाविद्यालय, पाली विभाग आणि पुरातत्त्व विभाग यांनी मिळून तीन आठवड्यांचा अभ्यासवर्ग आखला, तरी सुरुवात होईल. मोठ्या इमारतीची गरज नाही.

माझी खरी काळजी वेगळी आहे. आपल्या वस्तीतली मुले एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा देतात, दहावीचे वाढीव गुण मिळवतात आणि ब्रश ठेवून देतात. परदेशी पाहुण्यांना वाट दाखवणारे म्हणून तेवढे त्यांना घेतले, तर हा उपक्रम आपला नव्हे. प्रत्येक परदेशी विद्यार्थ्यामागे एक स्थानिक विद्यार्थी, त्याच वर्गात, त्याच प्रमाणपत्रासह आणि फी माफ, ही अट पहिल्याच प्रस्तावात लिहून घ्यावी.