शहाबादी फरशी स्वयंपाकघरात आली कशी, टिकली कशी

स्वयंपाकघराची फरशी बदलायची ठरली की घरात आधी चर्चा होते ती रंगाची, मग भावाची. टिकेल का, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि त्याचं उत्तर बहुतेक जण मालाच्या नावात शोधतात: कोटा घ्या, ग्रॅनाइट घ्या, व्हिट्रिफाइड घ्या. महाराष्ट्रातल्या घरांत शहाबादी फरशी कुठून आली आणि पिढ्यान् पिढ्या का टिकली, हे पाहिलं तर उत्तर निराळं मिळतं. ती फरशी टिकली याचं श्रेय दगडाच्या जातीला थोडं आहे. मोठं श्रेय आहे ते त्या खोलीतल्या कामाशी तिच्या जुळण्याला आणि तिच्याखाली नीट घातलेल्या थराला.

महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बसाल्टवर उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून झालेला हा दगड अतिशय कठीण, पण त्याच्या पातळ, सपाट लाद्या सहजी निघत नाहीत. टाकी लावून घडवलेला काळा दगड जोत्याला, पायऱ्यांना, चौकाला शोभला. सगळ्या घराच्या तळाला घालणं मात्र फार मेहनतीचं आणि खर्चाचं होतं. म्हणून सामान्य घरात माती घालून, पाणी शिंपडून, चोपण्यानं चोपून जमीन केली जाई आणि वरून शेणानं सारवली जाई. ऐपत असेल तिथे चुन्याचा कोबा. सारवलेली जमीन पायाला ऊबदार असते, तिला सांधे नसतात आणि खड्डा पडला तर घरच्या घरी बुजवता येतो. तिचं वैर एकट्या पाण्याशी. आणि पाणवठा, मोरी, भांडी घासणं, तांदूळ धुणं हे सगळं पाण्याचं काम नेमकं स्वयंपाकघराच्या आसपास.

या पेचाचं उत्तर बसाल्टच्या सीमेपलीकडे होतं. आज कर्नाटकच्या कलबुर्गी जिल्ह्यात असलेलं आणि पूर्वी निजामाच्या राज्यात मोडणारं शहाबाद भीमेच्या खोऱ्यात आहे. इथला चुनखडक दख्खनच्या लाव्हारसापेक्षा कितीतरी जुना. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचत गेलेले त्याचे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक आडवे पडलेले आहेत. दोन थरांच्या मधल्या फटीत छिन्नी ठोकून पहारीनं उचललं की फरशी जवळजवळ तयारच बाहेर येते. एरवी दगडाला सपाट करण्याचं जे काम पाथरवटाला दिवसभर पुरतं, ते इथे निसर्गानंच करून ठेवलं आहे. उरतात त्या कडा काटकोनात आणायच्या. पण अशी जड वस्तू बैलगाडीनं दूर नेणं परवडत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला आणि १८७१ मध्ये रायचूरला पोचली. याच मार्गावर शहाबाद स्टेशन आहे. १८६३ मध्ये बोरघाटातली लाइन सुरू झालेली असल्यामुळे आता खाणीपासून सोलापूर, पुणे, मुंबईपर्यंत सलग रूळ होते. खडकाची ठेवण आणि रेल्वेचा रस्ता या दोन गोष्टी जुळल्या, म्हणून ब्रासच्या भावानं विकली जाणारी ही फरशी मराठी घरांच्या आवाक्यात आली.

स्वयंपाकघरात ती रुजण्याचं कारण तिथल्या कामाच्या पद्धतीत आहे. ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक करण्याची रीत रुळण्याआधी चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, विळी जमिनीवर आणि जेवणाची पंगतही जमिनीवर असे. फरशी हाच ओटा होता. तिथे हवी होती ओली झाल्यावर पाय न घसरणारी, वरवंट्याचे हादरे सोसणारी आणि रोज धुऊन घेता येणारी भुई. शहाबादीचा किंचित खरखरीत पृष्ठभाग आणि इंच-दीड इंचाची जाडी या तिन्ही गरजांना पुरून उरली.

यावर पहिला आक्षेप असा, की चुनखडक मऊ असतो. ते खरंच आहे. कठीणपणाच्या मोह्स मापात त्याचं मुख्य खनिज कॅल्साइट ३ वर येतं, तर वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर. पण आपल्याकडे वहाणा उंबऱ्याबाहेर काढतात, त्यामुळे वाळूचा घासा स्वयंपाकघरात फारसा पोचतच नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लिंबू, चिंच, कोकम यांच्या आंबटानं चुनखडकावर डाग उठतात आणि तो तेल पितो. हेही नाकारता येत नाही. सांडलेलं लगेच पुसावं लागतं. मात्र फरशी आरपार एकाच दगडाची असल्यामुळे डागाळलेला पृष्ठभाग घासून पुन्हा पॉलिश करता येतो. चकाकीचा थर दिलेल्या टाइलचा टवका उडाला की ती बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. तिसरा आक्षेप म्हणजे, मोरबीच्या व्हिट्रिफाइड टाइल या सगळ्यांत सरस असताना जुनं का कवटाळायचं? त्या टाइल अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाहीत, हळदीचा डाग धरत नाहीत, आणि आज स्वयंपाक उभ्यानं होतो. तेव्हा त्या निवडण्यात काहीच गैर नाही. गुळगुळीत चकचकीत टाइल सोडून खरखरीत, मॅट टाइल घ्यावी, एवढं पथ्य पाळलं की झालं.

पण खरी मेख पुढे आहे. पाणी न शोषण्याचा जो गुण व्हिट्रिफाइड टाइलला डागांपासून वाचवतो, त्याच गुणामुळे साध्या सिमेंट-वाळूच्या मालाला ती नीट धरत नाही. शहाबादीची खडबडीत पाठ माल घट्ट पकडते. व्हिट्रिफाइडला त्यासाठी पॉलिमरयुक्त अॅडेसिव्ह लागतं, आणि तेही खाचांच्या थापीनं टाइलच्या पूर्ण पाठीला. चार कोपऱ्यांना चार गोळे ठेवून टाइल दाबली तर मध्ये पोकळी राहते, आणि कुकर किंवा खलबत्ता पडला की टाइल नेमकी तिथेच फुटते. बसवल्यावर प्रत्येक लादीवर टिचकी मारून ऐकावं. पोकळ वाजली तर माल ओला असतानाच उचलायला लावावी. जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल तर खालची कुठे हलते का, दारं अडतात का आणि मोरीकडचा ढाळ टिकतो का, हे आधी बघावं. तळमजल्यावर धुम्मसानं नीट न ठोकलेला भराव असेल तर जगातली कुठलीही फरशी खचणार. १९२२ मध्ये सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जच्या नक्षीदार सिमेंट टाइल, नंतरचं मोझॅक, मग कोटा, मग व्हिट्रिफाइड असा माल बदलत गेला. सपाट, भरीव, योग्य ढाळाच्या थराची गरज मात्र एकालाही चुकवता आली नाही.

म्हणून निवड करताना प्रश्नांचा क्रम उलटा करावा. आधी आपल्या स्वयंपाकघरात पाणी कुठे सांडतं, जड वस्तू कुठे पडतात, घरातलं वयस्कर माणूस कुठून चालतं, हे पाहावं. मग खालच्या थराचा आणि चांगल्या गवंड्याचा खर्च बाजूला काढावा. उरलेल्या पैशात जी फरशी बसेल ती घ्यावी. महाग टाइल आणून बसवण्यात काटकसर करण्यापेक्षा साधी शहाबादी भरीव थरावर बसवलेली केव्हाही जास्त वर्षं जाते.