हजार कप्प्या आणि एक जबाबदार माणूस

शिडाच्या जुन्या जहाजांची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात. शिडं दिसतात, डोलकाठ्या दिसतात, तोफांची तोंडं दिसतात. कप्प्या मात्र कुणाच्या नजरेत भरत नाहीत. विहिरीवर पाणी शेंदायला असते ना, तशीच कप्पी. फक्त जहाजावर ती एक नसते. ७४ तोफांच्या एका युद्धनौकेला सुमारे हजार कप्प्या लागत. शीड चढवा, उतरवा, वळवा, तोफ मागे ओढा, सगळं दोर आणि कप्पीच्या जोरावर. ऐन वादळात एखादी कप्पी अडकली किंवा फुटली, तर त्या शिडाचं काय होईल हे सांगायला दर्यावर्दीच असायला हवं असं नाही.

एकोणिसावं शतक उजाडताना ब्रिटिश आरमाराला वर्षाला सुमारे एक लाख कप्प्या लागत होत्या. समोर नेपोलियन होता. आणि या सगळ्या कप्प्या बाहेरचे ठेकेदार पुरवत, बऱ्याचशा हातकामानं. मला सांगायचंय ते या कप्प्यांबद्दल, आणि त्यापेक्षाही जास्त त्या एका कार्यालयाबद्दल, ज्याच्यामुळे त्या बनवण्याची रीतच बदलली. ते कार्यालय फार वर्षं टिकलं नाही. का टिकलं नाही, ती खरी गोष्ट आहे.

तेव्हा इंग्लंडात सहा सरकारी डॉकयार्ड होते: डेप्टफर्ड, वुलिच, चॅटम, शीरनेस, पोर्ट्समथ आणि प्लिमथ. प्रत्येकाचा कारभार आपापला. जहाज बांधायचं असो, सुकी गोदी दुरुस्त करायची असो की वखार उभारायची असो, सगळं त्या त्या यार्डातले अधिकारी आणि मुख्य सुतार बघत. ही माणसं लेचीपेची नव्हती. ओक लाकडाचा नुसता रंग आणि रेषा बघून ते कुठे बसवायचं हे त्यांना कळे. पण वाफेचं इंजिन? चिखलात पाया कसा धरायचा? ओतीव लोखंडाची तुळई किती भार घेईल? हे सुताराला कोण शिकवणार? आणि सहा यार्डांत सहा ठिकाणी असा जाणकार माणूस ठेवायचा, तर इतके जाणकार होते कुठे?

इथे सॅम्युअल बेंथम नावाचा माणूस येतो. १७५७ सालचा जन्म. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम हा त्याचा थोरला भाऊ. जेरेमी कायद्याच्या पुस्तकांत रमला आणि सॅम्युअल चौदाव्या वर्षाच्या सुमारास वुलिचच्या यार्डात उमेदवारी करायला गेला. सात वर्षं लाकडं तासली. मग १७८० मध्ये रशिया गाठला आणि प्रिन्स पोटेमकिनच्या पदरी राहिला. क्रिचेव्ह (आज हे गाव बेलारूसमध्ये आहे) इथल्या पोटेमकिनच्या जहागिरीत कारखाने चालवायचं काम त्याच्याकडे आलं. हाताशी शेतकरी माणसं, ज्यांनी असलं काम कधी पाहिलेलं नाही, आणि शिकवणारे जाणकार मोजकेच. मोजक्यांनी अनेकांवर लक्ष कसं ठेवावं? म्हणून त्यानं मधोमध देखरेखीची जागा आणि भोवती काम करणारे, अशा इमारतीची कल्पना काढली. तेवढ्यात थोरला भाऊ भेटीला आला, त्याला ती फार आवडली आणि त्यानं ती तुरुंगासाठी वापरायचं ठरवलं. 'पॅनॉप्टिकॉन' म्हणून जगभर गाजलेली जेरेमीची कल्पना मुळात धाकट्या भावाच्या कारखान्याची! थोरल्या भावंडांना हे वाचून काय वाटायचं ते वाटो.

सॅम्युअल १७९१ मध्ये इंग्लंडला परतला. लाकूडकामाच्या यंत्रांचं पेटंट घेतलं. आणि १७९६ मध्ये अ‍ॅडमिरल्टीनं त्याच्यासाठी एक नवंच पद काढलं: 'इन्स्पेक्टर जनरल ऑफ नेव्हल वर्क्स'. सहाही यार्डांतली बांधकामं, यंत्रं, गोद्या यांचा विचार एका जागी बसून करायचा. हाताखाली एक वास्तुरचनाकार (सॅम्युअल बन्स), एक यंत्रज्ञ (सायमन गुडरिच) आणि एक रसायनतज्ज्ञ. हा रसायनतज्ज्ञ म्हणजे जेम्स सॅडलर, १७८४ मध्ये फुग्यात बसून आकाशात गेलेला पहिला इंग्रज. सरकारी कार्यालयात अशी मंडळी एकत्र बसलेली दृश्यं फार वेळा बघायला मिळत नाहीत.

या चौघांनी पोर्ट्समथमध्ये काय केलं ते बघा. तिथल्या मोठ्या बंदिस्त तळ्याचा आराखडा बेंथमनं बदलला. सुक्या गोद्यांची तोंडं थेट त्या तळ्यात उघडतील अशी मांडणी केली आणि तळ्याला तरंगता दरवाजा बसवला. तो पाण्यानं भरला की जागेवर बसतो, रिकामा केला की तरंगतो आणि बाजूला नेता येतो. गोदीतलं पाणी उपसायला वाफेचं इंजिन आणलं. १७९९ मध्ये ते चालू झालं, आरमाराच्या यार्डातलं पहिलंच. दिवसा त्याच वाफेवर करवती चालवायच्या आणि रात्री पाणी उपसायचं. एकाच इंजिनाला दोन पाळ्या! गोदीतलं पाणी ज्या हौदात येऊन पडे त्यावर कमानी घालून वर इमारत उठवली. शिवाय खोल विहीर खणून आग विझवायला नळ फिरवले. जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे जुने झाले की ते वितळवून पुन्हा लाटायची गिरणी काढली. यातलं एकेक काम वेगळं बघितलं तर विशेष वाटणार नाही. पण पाणी, वाफ, लाकूड, तांबं, आग या सगळ्यांचा एकत्र हिशेब करणारं डोकं त्याआधी कुठल्याच यार्डात नव्हतं.

आता कप्प्या. त्या यंत्रानं करायचा बेंथमचाही स्वतःचा बेत होता. पण मार्क ब्रुनेल नावाचा फ्रेंच राज्यक्रांतीतून पळालेला आणि अमेरिकेमार्गे १७९९ मध्ये इंग्लंडला आलेला इंजिनिअर त्याच्याकडे आपले नमुने घेऊन आला. (लंडनला टेम्सखालचा बोगदा केला तो हाच. इझम्बार्ड ब्रुनेल हा त्याचा मुलगा.) बेंथमनं नमुने बघितले, हे आपल्यापेक्षा सरस आहे हे ओळखलं आणि आपला बेत बाजूला ठेवून ब्रुनेलची शिफारस केली. १८०२ मध्ये मंजुरी मिळाली. यंत्रं बनवली हेन्री मॉड्सलेनं. एकूण सुमारे ४५ यंत्रं, प्रत्येकाला एकच काम. एक एल्मचा ठोकळा कापतं, दुसरं भोक पाडतं, तिसरं खाच करतं, चौथं बाहेरून गोलाई देतं. आतलं चाक लिग्नम व्हिटी या दगडासारख्या कठीण लाकडाचं, त्याची यंत्रं वेगळी. १८०८ पर्यंत वर्षाला १ लाख ३० हजार कप्प्या निघू लागल्या. पूर्वी ११० कुशल कारागीर करायचे ते काम आता दहा साधे मजूर करत.

१८०५ च्या सप्टेंबरात ट्रफाल्गरच्या मोहिमेवर निघायच्या दिवशी सकाळी नेल्सन ही यंत्रं बघून गेला. त्यातली काही यंत्रं तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत होती.

पण त्या वाक्यापाशी जरा थांबूया: ११० कुशल कारागीर, दहा साधे मजूर. उरलेल्या शंभरांचं काय? क्रिचेव्हला बेंथमकडे कुशल माणसं नव्हती म्हणून त्यानं अकुशलांकडून काम करून घ्यायची रीत शोधली. इंग्लंडात कुशल माणसं होती, आणि तीच रीत तिथे आली. यार्डातल्या सुतारांचा एक जुना हक्क होता. कामातून निघालेल्या ढलप्या घरी न्यायच्या. ढलप्यांच्या नावाखाली चांगलं लाकूडही तोडलं जायचं, हे खरंच. १८०१ मध्ये हा हक्क बंद करून त्याबदली रोख भत्ता दिला गेला. हिशेबाला हे योग्यच. पण ढलप्यांबरोबर 'हे लाकूड, हे काम आमचं आहे' ही भावनाही गेली असावी, असं मला राहून राहून वाटतं. ज्ञान एका जागी गोळा करायचं म्हणजे ते दुसऱ्या कुठून तरी काढून घ्यायचं. त्याची किंमत कुणीतरी मोजतंच.

बेंथमला स्वतःलाही ती मोजावी लागली. त्याचा आग्रह एकच होता: प्रत्येक कामामागे एक नाव असलं पाहिजे. मंडळानं ठरवलं, समितीनं ठरवलं, हे त्याला चालत नसे. चूक झाली तर कुणाची? बरोबर आलं तर कुणामुळे? तेव्हा आरमाराची यार्डं 'नेव्ही बोर्ड' सांभाळत असे, आणि बोर्डाचे निर्णय सगळ्यांचे मिळून, म्हणजे कुणाचेच नाहीत. बेंथम त्या बोर्डाच्या हाताखाली नव्हता. तो थेट वर, अ‍ॅडमिरल्टीला अहवाल द्यायचा. म्हणजे बाहेरून आलेला, सगळीकडे नाक खुपसणारा, वर जाऊन सांगणारा आणि बहुतेक वेळा बरोबर निघणारा माणूस. आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे नोकरी केलेली आहे. अशा माणसाचं पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

१८०५ मध्ये त्याला जहाजं बांधून घ्यायच्या कामावर रशियाला पाठवलं. तो तिकडे असताना इकडे गुडरिचनं कार्यालय सांभाळलं. १८०७ मध्ये बेंथम परतला तेव्हा त्याचं पद रद्द होऊन कार्यालय त्याच नेव्ही बोर्डाच्या पोटात गेलेलं होतं. त्याला 'सिव्हिल आर्किटेक्ट अँड इंजिनिअर' असं नवं नाव मिळालं. १८१२ मध्ये तेही गेलं. ज्याला प्रत्येक निर्णयामागे एक नाव हवं होतं, त्याचंच नाव काढून टाकलं गेलं. १८३१ मध्ये तो वारला. त्याचं चरित्र लिहिलं ते त्याच्या बायकोनं, मेरी सोफियानं, आणि ते छापून यायला १८६२ साल उजाडलं. तोवर तीही हयात नव्हती.

गंमत बघा, माणूस गेला तरी गरज काही गेली नाही. एडवर्ड हॉल नावाचा वास्तुरचनाकार आरमाराच्या इमारती बघत राहिला. बर्म्युडाच्या तळावर त्यानं आखलेल्या घरासाठी ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडहून जहाजानं गेले. १८३० च्या दशकाअखेरीस आरमाराच्या बांधकामांवर लष्करी इंजिनिअर नेमले गेले. त्यांच्यातल्या कर्नल ग्रीननं शीरनेसला १८५८ ते १८६० मध्ये होड्या ठेवायची चार मजली इमारत उभारली, सगळा भार लोखंडी सांगाड्यावर. आजच्या उंच इमारतींची ती पूर्वज मानतात. म्हणजे एका जागी तज्ज्ञ बसवायचे आणि त्यांनी सगळ्या तळांसाठी काम करायचं, ही बेंथमची रीत त्याला घालवल्यावर निमूटपणे स्वीकारली गेली.

आपल्या मुंबईतही याच काळात युद्धनौका बांधल्या जात होत्या. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी सुरतेहून आले तेव्हापासून मुंबईच्या यार्डातलं ज्ञान एका घराण्यात होतं. वाडिया हे आडनावच जहाज बांधणाऱ्यांचं. जमशेदजी बोमनजींनी बांधलेली ७४ तोफांची 'मिंडेन' १८१० मध्ये पाण्यात उतरली. १८१७ ची 'त्रिंकोमाली' तर मलबारच्या सागवानाच्या जोरावर आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे. तिथे इन्स्पेक्टर जनरल नव्हता. बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे हात शिकत गेले. आणि कामामागे नाव होतं, घराण्याचं! बेंथमला हे नक्की आवडलं असतं.

पण वाफ आली आणि घराण्याचं ज्ञान अपुरं पडू लागलं. त्याच घराण्यातले अर्देशीर कर्सेटजी १८३९ मध्ये इंग्लंडला गेले, वाफेची विद्या शिकले, १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले (हा मान मिळवणारे पहिले भारतीय) आणि मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनिअर म्हणून परतले. सागवानी हात आणि कार्यालयातली विद्या एकाच माणसात आली. असा योग फार क्वचित जुळतो.

आज आपल्या आरमाराच्या किनाऱ्यावरच्या इमारती, पाणी, वीज यांतलं पुष्कळसं काम मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस बघते. लष्कर, आरमार, हवाईदल, तिघांसाठी मिळून एक सेवा. त्यात काही नवल वाटत नाही इतकं ते आता अंगवळणी पडलंय.

तज्ज्ञ एका जागी बसवणं हा बेंथमच्या विचाराचा सोपा भाग होता, तो जगानं उचलला. दुसरा भाग अवघड. हे कुणी ठरवलं, असं विचारल्यावर एका माणसानं उभं राहून 'मी' म्हणायचं. पोर्ट्समथला बेंथमच्या काळातल्या एका सुक्या गोदीत १९२२ पासून नेल्सनची 'व्हिक्टरी' उभी आहे. लोक येतात, जहाजाचे फोटो काढतात. गोदीचे कुणी काढत नाही. पण जहाज शंभर वर्षं उभं आहे ते त्या गोदीतच.