रूळ गेले, पूल राहिला

उजनीकाठी सायकलची वळणवाट आखायची तर ती डिकसळच्या जुन्या पुलावरूनच जावी, असे माझे मत आहे. कारण सौंदर्यापेक्षा इतिहासात आहे. 1858 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे पुण्याहून डिकसळपर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी भीमा ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, पोचली. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. फुगणाऱ्या पाण्यामुळे लोहमार्ग हलवावा लागला, गावेही उठली. मागे राहिलेल्या दगडी रेल्वेपुलाचा रस्ता झाला आणि करमाळ्याचे कोंढार चिंचोली इंदापूरच्या डिकसळशी जोडलेले राहिले. अमेरिकेत एलरॉय-स्पार्टासारख्या मार्गांवर गाड्या बंद पडल्या म्हणून 1960 च्या दशकात सायकली आल्या. इथे मात्र बदल घडवला तो धरणाने, आणि रुळांची जागा लोकांनी घेतली ती गरजेपोटी.

सायकल ही शहरी हौस, गावाला हवा तो ऊस वाहणारा भक्कम पूल, असा आक्षेप येईल. तो निम्मा खरा आहे. दीडशे वर्षांहून जुन्या बांधकामावर उसाचे ट्रक घालणे धोक्याचेच; जड वाहतुकीला नवा पूल हवाच. पण म्हणून जुना पाडावा, हे त्यातून निघत नाही. सायकलचे ओझे ते किती! शाळकरी मुले, मच्छीमार, भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला येणारे, सगळ्यांना तो पुरेल. आधी त्याची तज्ज्ञांकडून तपासणी व डागडुजी व्हावी, आणि वाटेवरच्या फलकांवर पक्ष्यांच्या आधी बुडालेल्या गावांची नावे लिहावीत.