शरीराबाहेरील रक्तशुद्धीकरण आणि रक्त गोठण्याचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

शरीरातील रक्त बाहेर काढून, शुद्ध करून परत शरीरात सोडण्याच्या तंत्राचा इतिहास बहुधा पडद्यांचा व यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः या तंत्राची गती ठरविली ती रक्ताच्या गोठण्याच्या गुणधर्माने. परक्या पृष्ठभागाचा स्पर्श होताच रक्तातील गोठणघटक व प्लेटलेट कार्यप्रवृत्त होतात आणि नळीत गुठळी धरते. ही स्वाभाविक क्रिया थोपविल्याशिवाय कोणतेही यंत्र चालणे शक्य नव्हते.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन एबल, राउनट्री व टर्नर यांनी १९१३ मध्ये कुत्र्यांवर कृत्रिम मूत्रपिंडाचे प्रयोग केले. त्यांनी रक्त पातळ ठेवले ते जळवांपासून काढलेल्या हिरुडिनने. हे द्रव्य महाग व अशुद्ध होते. शिवाय महायुद्धामुळे युरोपातून येणाऱ्या जळवाही दुर्मीळ झाल्या. जर्मनीत गीसेन येथे गेऑर्ग हास यांनी १९२४ मध्ये मानवावर पहिला प्रयोग केला, तोही हिरुडिनच्याच आधारे. पुढे १९२७-२८ च्या सुमारास ते हेपरिनकडे वळले. ज्या संशोधनातून हेपरिन पुढे आले, ते १९१६ मध्ये हॉपकिन्समध्येच, हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत सुरू झाले होते. शोधाचे श्रेय हॉवेल यांचे की त्यांचे विद्यार्थी मॅक्लिन यांचे, हा वाद पुढे बराच रंगला. येथे तो गौण आहे. जर्मनव्याप्त हॉलंडमधील काम्पेन येथे विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये फिरत्या पिंपाचे यंत्र वापरात आणले, तेव्हा शुद्ध हेपरिन उपलब्ध होते. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बेशुद्ध स्त्री मात्र वाचली.

हेपरिनचा परिणाम केवळ नळीपुरता मर्यादित राहत नाही. तो सर्व शरीरावर होतो. अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत हाच दोष जिवावर बेततो. जंतुदोषाने अथवा मोठ्या शस्त्रक्रियेने खचलेल्या देहात एकीकडे सूक्ष्म गुठळ्या होत असतात, तर दुसरीकडे रक्तस्राव थांबत नाही. नेहमीचे डायलिसिस अशा रुग्णांना सोसवत नाही, म्हणून ग्योटिंगेन येथे पीटर क्रामर यांनी १९७७ मध्ये रात्रंदिवस मंद गतीने चालणारी गाळणपद्धती मांडली. परंतु गाळणी अखंड, म्हणून हेपरिनही अखंड! ते कमी करावे तर गाळणी तुंबते, उपचार खंडित होतो आणि नळीतील रक्त, त्यातील प्लेटलेटसह, वाया जाते.

या पेचातून वाट काढली ती रक्तपेढ्यांच्या परिचयाच्या सायट्रेटने. गाळणीपूर्वी मिसळलेले सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवते व गोठणक्रिया थांबते. शरीरात परतताना कॅल्शियम पुन्हा दिले की ती पूर्ववत होते. अखंड पद्धतीत याचा वापर रवींद्र मेहता व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये वर्णिला. यकृत निकामी असल्यास सायट्रेट साचते, ही त्याची मर्यादा. जर्मनीतील ५९६ रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गाळणीचे मध्यक आयुष्य सायट्रेटसह ४७ तास, तर हेपरिनसह २६ तास भरले. मात्र सायट्रेट गटात जंतुसंसर्ग अधिक आढळले, आणि मुदतीपूर्वी थांबविलेल्या या चाचणीतून मृत्युप्रमाणाविषयी निर्णायक उत्तर मिळाले नाही.