एच.ए. कंपनी, टीबी आणि माझ्या खिशातली गोळी

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्यापासून.

दोन वर्षांपूर्वी पिंपरीहून चाकणला ऑफिसच्या बसने जाताना मी सीटवरच गळून जायचो. वजन उतरलं, उभं राहिलं की चक्कर, आणि खारातल्या कैऱ्यांची बरणी एकटाच संपवायचो. रंगही काळवंडला. आई म्हणायची, "उन्हात गाडी फिरवतोस ना, म्हणून!" पण तळहातावरच्या रेषा उन्हाने थोड्याच काळ्या होतात? शेवटी निदान झालं: ॲडिसनचा आजार. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी पुरेसं कॉर्टिसोल बनवत नव्हत्या.

लंडनच्या थॉमस ॲडिसन या डॉक्टरने १८५५ मध्ये हीच लक्षणं लिहून ठेवली. त्याच्या रुग्णांच्या शवविच्छेदनात या ग्रंथी खराब झालेल्या दिसल्या, आणि बऱ्याच जणांत कारण होतं टीबी. इलाज नव्हता. पुढे कित्येक दशकं हे निदान म्हणजे मरणाचीच चिठ्ठी.

आता आपल्या पिंपरीत या. १९५४ मध्ये इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली एच.ए. कंपनी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. आधी पेनिसिलिन, आणि १९६० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन. हे टीबीवर चाललेलं पहिलं अँटिबायोटिक! टीबी वेळेत आटोक्यात आला, तर ग्रंथी वाचण्याची शक्यता वाढते. पण एकदा नासलेली ग्रंथी बहुतेक वेळा परत कामाला लागत नाही.

त्यासाठी दुसरा शोध लागला: कॉर्टिसोन. १९४८ मध्ये ते अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं, आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. ॲडिसनच्या रुग्णांना त्यामुळे जगता आलं. जॉन केनेडींना हाच आजार होता, तरी ते राष्ट्राध्यक्ष झाले.

माझा आजार टीबीमुळे नाही. माझ्याच प्रतिकारशक्तीने ग्रंथींवर हल्ला केला. भारतात मात्र टीबी आजही एक मोठं कारण आहे. मी रोज हायड्रोकॉर्टिसोन घेतो. ताप आला की डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे डोस वाढवतो. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर इंजेक्शन आणि थेट हॉस्पिटल. "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद करायची नाही, त्याने जीव जाऊ शकतो. पाकिटात तसं कार्ड आहे, आणि बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मित्रालाही ते माहीत आहे.

एच.ए.च्या स्टॉपवरून रोज जातो. आधी ते फक्त स्टॉपचं नाव होतं.