नटास विचारलेले प्रश्न

नाटक सुटल्यावर प्रेक्षक आपापली पागोटी-उपरणी सावरीत घरोघर जात. तथापि काही रसिक मंडळी रंगपटाच्या दाराशी घुटमळत राहात. आत तोंडाचा रंग पुशीत बसलेल्या नटास त्यांना काही विचारावयाचे असे. आवाज टिकविण्यासाठी काय खाता? एवढी मोठी भाषणे तोंडपाठ कशी होतात? रंगभूमीवर ढाळलेली आसवे खरी की खोटी? आणि, हा प्रश्न बहुधा हलक्या आवाजात येई, कंपनीत तुम्हांस मिळते तरी किती? नट हसून वेळ मारून नेई. दुसरे तरी तो काय करणार? पहाटे कंपनीचे सामान बांधून पुढील मुक्कामाची गाडी गाठावयाची असे.

मराठी रंगभूमीच्या वैभवाच्या काळात ह्या प्रश्नांची उत्तरे कागदावर क्वचितच उतरली. ज्या पुरुषास महाराष्ट्राने सर्वांत अधिक प्रश्न विचारले असतील, त्या बालगंधर्वांनी आत्मचरित्र लिहिले नाही. १९११ साली 'मानापमाना'चा पहिला प्रयोग व्हावयाचा त्याच दिवशी त्यांची मुलगी निवर्तली, आणि तरीही प्रयोग न थांबविता ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकीकत घराघरांत सांगितली जाते. परंतु ती सांगतात ते दुसरे लोक. त्या रात्री रंगपटात परत आल्यावर त्यांच्या मनाची काय अवस्था होती, ह्याचे उत्तर ते स्वतः लिहून ठेवते, तर त्यास निराळेच मोल आले असते.

१९४० साली मात्र मराठीत दोन पुस्तके आली, आणि दोन्ही नटवर्गाच्या स्वतःच्या लेखणीतून उतरलेली. पहिले गणपतराव बोडस ह्यांचे 'माझी भूमिका'. दुसरे शांता आपटे ह्यांचे 'जाऊ मी सिनेमात?'. पहिल्याच्या लेखकाने त्या वेळी साठी गाठली होती. दुसऱ्याची लेखिका ऐन तारुण्यात होती. एकाच वर्षाच्या ह्या दोन पुस्तकांत अवघ्या एका पिढीचे अंतर दिसते. नटाचा धंदा त्या पिढीत कसा पालटला, हे जाणावयाचे तर ती शेजारी शेजारी ठेवून पाहावी.

गणपतरावांचा जन्म १८८० चा. किर्लोस्कर नाटक मंडळीत त्यांची उमेदवारी झाली, आणि १९१३ साली बालगंधर्व व गोविंदराव टेंबे ह्यांच्यासह बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. 'मानापमाना'तील लक्ष्मीधर, 'संशयकल्लोळा'तील फाल्गुनराव आणि १९१९ साली बडोद्यास प्रथम झालेल्या 'एकच प्याल्या'तील सुधाकर ह्या त्यांच्या भूमिका जुन्या प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढून अखेरपर्यंत हलल्या नाहीत. भित्रा लक्ष्मीधर आणि दारूने होरपळलेला सुधाकर एकाच माणसाने वठवावे, ही गोष्ट लहान नव्हे. गायनाच्या जोरावर टाळ्या घेण्याच्या त्या काळात गद्य अभिनयावर उभा राहिलेला हा नट होता.

त्या काळची नाटक कंपनी हे एक एकत्र कुटुंबच होते. मंडळींचे बिऱ्हाड एक, पंगत एक, तालीम एक. मालक रागावे तो वडिलांसारखा, आणि पैसे थकवी तोही वडिलांच्याच हक्काने! लहानपणी घर सोडून आलेली मुले त्याच बिऱ्हाडात वाढत, आवाज फुटेपर्यंत स्त्रीभूमिका करीत, आणि पुढे कोणी मोठा नट होई, तर कोणी आचाऱ्याच्या हाताखाली जाई. अशा घरातला माणूस आपली हकीकत सांगू लागला की ती कंपनीच्या फुटी, कर्जे, नवी नाटके आणि गुरुजनांचे ऋण ह्यांच्यावरच येऊन थांबते. स्वतःविषयी बोलणे म्हणजे कुटुंबाविषयी बोलणे, अशीच ती रीत होती.

शांताबाईंच्या पुस्तकाचे नावच मुळी एक प्रश्न आहे, आणि तो विचारणारी एक मुलगी आहे. हा प्रश्न त्या काळी किती घरांतून उठत होता, ह्याची कल्पना आज येणे कठीण. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्रा'च्या तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही; साळुंके नावाच्या पुरुषास लुगडे नेसवावे लागले. १९३२ साली दुर्गा खोटे ह्यांच्यासारखी सुशिक्षित, सुखवस्तू घराण्यातील स्त्री 'अयोध्येचा राजा'त तारामती म्हणून उभी राहिली. एकोणीस वर्षांत पारडे फिरले. त्यानंतर शाळा-कॉलेजांतील मुलींच्या मनात चित्रपटाची ओढ आणि आईबापांच्या मनात त्याची धास्ती एकदमच वाढीस लागली.

रसिकांचे प्रश्न आता रंगपटाच्या दाराशी येईनात. ते टपालाने येऊ लागले. परंतु उत्तरे कोण देत असे? १९३५ साली बाबुराव पटेलांनी सुरू केलेल्या 'फिल्मइंडिया' ह्या इंग्रजी मासिकातील 'एडिटर्स मेल' हे सदर त्या काळी अतोनात लोकप्रिय होते. वाचक नटनटींविषयी वाटेल ते विचारीत आणि संपादक त्यांस फटकळ, चटकदार उत्तरे देत. वाचणारांची करमणूक होई. पण ज्या नटीविषयी प्रश्न असे, ती त्या पानावर कोठेच बोलत नसे. 'जाऊ मी सिनेमात?' ह्या पुस्तकाचा विशेष असा की, त्यात उत्तर द्यावयास नटी स्वतः पुढे आली.

शांताबाई तोवर हिंदुस्थानभर गाजल्या होत्या. 'प्रभात'च्या 'अमृतमंथन' (१९३४), 'अमरज्योती' (१९३६) आणि 'गोपालकृष्ण' (१९३८) ह्या चित्रपटांनी त्यांचे गाणे दूरवर नेले. परंतु त्यांचे नाव खरोखर अमर केले ते १९३७ च्या 'कुंकू'ने. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून व्ही. शांताराम ह्यांनी तो काढला. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा त्यास पती मानण्याचे नाकारते. तो वृद्ध केशवराव दाते ह्यांनी इतका हुबेहूब उभा केला की, प्रेक्षकास त्याचा राग येतो व शेवटी त्याचीच कीव येते. नीरेच्या कामात शांताबाईंनी आकांडतांडव केले नाही. मान ताठ ठेवून नुसते नाही म्हटले. त्या काळच्या चित्रपटगृहात हे नाही पुष्कळांस झोंबले असेल.

१९२९ साली कोल्हापुरास निघालेली आणि १९३३ साली पुण्यास आलेली 'प्रभात' ही शिस्तीबद्दल नावाजलेली संस्था होती. तेथील कलावंत मासिक वेतनावर, लेखी कराराने बांधलेले असत. पगार वेळेवर मिळे, ही नाटक कंपनीच्या मानाने फार मोठी सुधारणा होय. मात्र करार म्हटला की त्यास दोन बाजू आल्या. १९३९ च्या जुलै महिन्यात करारातील अटींवरून मतभेद विकोपास गेले आणि शांताबाई 'प्रभात'च्या फाटकाशी उपोषणास बसल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महात्माजींचे राजकोटचे उपोषण सर्व देशाने श्वास रोखून पाहिले होते. ते हत्यार एका चित्रपटनटीने आपल्या मालकांपुढे उपसावे, ही वार्ता ऐकून कित्येकांनी तोंडात बोटे घातली, कित्येकांनी थट्टा केली. दोष कोणाचा किती, ह्याचा निवाडा करण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढे खरे की, त्यानंतर 'प्रभात'शी त्यांचा संबंध सुटला, आणि पुढील वर्षी त्यांचे पुस्तक निघाले.

ह्या पार्श्वभूमीवर ते वाचले म्हणजे त्यातील सूर ध्यानी येतो. सिनेमात जाऊ का, असे विचारणाऱ्या मुलीस लेखिका कीर्तीची स्वप्ने दाखवीत नाही की नीतीचा बागुलबुवाही दाखवीत नाही. ती तिला सांगते की हा एक कारखाना आहे. येथे भांडवल आहे, मालक आहेत, आणि नटनटी हे येथे श्रम विकणारे कामगार आहेत. प्रखर दिव्यांखाली तासन् तास उभे राहून शरीर कसे झिजते, थकवा कसा साचतो, आणि ते शरीर थकले की धंद्यास त्याचे काहीच वाटत नाही, ह्याचा विचार त्यात आहे. चित्रपटाच्या दुनियेवर त्या वेळी मराठीत पुष्कळ लिहिले जात होते. पण सौंदर्य, संगीत व नीतिमत्ता हे तीन विषय सोडून कामाच्या तासांवर कोणी फारसे येत नसे.

कारखान्याची ही उपमा त्या काळच्या वाचकास दुरून आणावी लागत नव्हती. पुण्याहून मुंबईस येणाऱ्या आगगाडीने बदलापूर मागे टाकले की अंबरनाथ येई. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाचे शिवालय तेथे आहे, आणि त्याच गावी १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीचा रसायनांचा कारखाना व 'विमको'चा आगकाड्यांचा कारखाना उभे राहिले होते. (पलीकडचे उल्हासनगर तेव्हा नव्हतेच; निर्वासितांच्या छावणीस ते नाव १९४९ साली मिळाले.) पुण्याचा स्टुडिओ आणि मुंबईचा स्टुडिओ ह्यांमध्ये ये-जा करणारी नटमंडळी ह्याच वाटेने जात. आगकाडीच्या कारखान्यातील बाईस भोंगा झाला की सुटी असे, हे सर्वांस ठाऊक होते. नटीस भोंगा कोणता, हे मात्र कोणी विचारले नव्हते. शिवालयाच्या भिंतींवर कोरलेल्या नर्तकींस तरी कोणी नावगाव विचारले?

हा झगडा एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. इंग्लंडात १९३६ साली बेटी डेव्हिस ही अमेरिकन नटी आपल्या कंपनीशी कोर्टात भांडली व हरली. ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड हिने तोच झगडा कॅलिफोर्नियात चालविला आणि १९४४ साली ती जिंकली. सात वर्षांपलीकडे नटास कराराने बांधून ठेवता येणार नाही, असे तेथे ठरले. शांताबाईंच्या पाठीशी असे कोर्ट नव्हते, कायदा नव्हता. त्यांनी १९४१ साली मद्रासकडे जाऊन 'सावित्री' हा तमिळ चित्रपट केला. त्यात नारदाच्या वेषात एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या! पुढेही त्या काम करीत राहिल्या. १९६४ साली त्या वारल्या.

त्यानंतरच्या नट-आत्मचरित्रांत चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बहुरूपी'चा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. 'भावबंधना'तील त्यांचा घनश्याम पाहिलेल्यांस तो पुनः सांगावयास नकोच. १९५७ च्या ह्या पुस्तकास पुढील वर्षी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. नटाची हकीकत हे वाङ्मय होय, ह्यास राजमान्यता मिळाली.

आणि तरीही ज्या पुस्तकाने मराठी वाचकास खरोखर अस्वस्थ केले, ते ह्या पंगतीत बसणारे नव्हते. 'रामजोशी' (१९४७) व 'पुढचं पाऊल' (१९५०) ह्या चित्रपटांनी तमाशातील स्त्री म्हणून हंसा वाडकर लोकप्रिय झाल्या. अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्यात १३१ आठवडे चालला. पुढे 'माणूस' ह्या नियतकालिकासाठी अरुण साधू हे तरुण पत्रकार त्यांच्यापुढे बसले. बाईंनी सांगावे आणि साधूंनी उतरून घ्यावे, असे ते काम चालले. १९७० साली त्याचे पुस्तक झाले. नाव त्याच चित्रपटाचे.

रंगपटाच्या दाराशी हलक्या आवाजात येणाऱ्या त्या जुन्या प्रश्नाचे, म्हणजे मिळते किती आणि जाते कोठे, ह्याचे उत्तर हंसाबाईंनी दिले. वडिलांचे व्यसन, त्यामुळे कोवळ्या वयात शाळा सोडून पत्करलेले चित्रपटाचे काम, मुलीच्या मिळकतीवर चाललेले घर. नंतर तिच्याच मिळकतीवर चाललेला संसार आणि त्या संसारात नवऱ्याचा संशय. घर हवे म्हणून काम सोडू म्हटले तर काम सुटेना. काम करावे तर घर टिकेना. स्वतःचे मद्यपान, स्वतःच्या चुका, घर सोडून जाणे, हेही त्यांनी झाकले नाही. सभ्य घरांत पुस्तक मुलींच्या हाती लागू नये म्हणून जपले गेले, आणि वडीलधाऱ्यांनी ते निजानीज झाल्यावर वाचले. शांताबाईंनी कारखान्याच्या आतले सांगितले होते. कारखाना सुटल्यावर नटी ज्या घरी परतते, त्या घरातले हंसाबाईंनी सांगितले. कथनात कोठे रडगाणे नाही. एखादी शेजारीण ओट्यावर बसून बोलावी, तशी ती भाषा आहे, आणि ती तशीच राहू दिली हे साधूंचे श्रेय.

पुस्तक निघाले त्याच्या पुढल्याच वर्षी, १९७१ च्या ऑगस्टमध्ये, हंसाबाई वारल्या. वय अवघे अठ्ठेचाळीस. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यांच्या हकीकतीवरून 'भूमिका' हा हिंदी चित्रपट काढला आणि स्मिता पाटील ह्यांना त्याबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. २०१३ साली पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले. 'सांगत्ये ऐका' ह्या नावात नुसते सांगणे आणि ऐकणे होते. भाषांतरकर्त्यांनी इंग्रजी नाव ठेवले त्याचा अर्थ, 'तुम्ही विचारता, मी सांगते'.