डिजिटल रेडिओ म्हणजे काय? बुलढाण्यात तो घाटावर आणि घाटाखाली पोहोचेल का?

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रसारण बंद करून डिजिटल रेडिओ स्वीकारला. असे करणारा तो जगातला पहिला देश ठरला. भारतातही ३ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘ट्राय’ने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, खासगी डिजिटल रेडिओसाठी केंद्र सरकारला शिफारशी केल्या. त्यात सुरुवातीसाठी १३ शहरे सुचवली आहेत. महाराष्ट्रातली तीन आहेत: मुंबई, पुणे आणि नागपूर.

मग बुलढाण्यासारख्या जिल्ह्याचे काय? इथे कोणते केंद्र लागणार हे गाव घाटावर आहे की घाटाखाली, यावरही ठरते. डिजिटल रेडिओ म्हणजे काय, तो भारतात कुठवर आला आहे आणि बुलढाण्याच्या श्रोत्याला त्यातून काय मिळू शकते, ते पाहू.

डिजिटल रेडिओ म्हणजे नेमके काय?

आधी गैरसमज दूर करू. रेडिओवर आकडे दाखवणारी स्क्रीन असली म्हणून तो डिजिटल रेडिओ होत नाही. तसा सेट बहुतेक वेळा साधा एफएमच असतो, फक्त काट्याऐवजी आकडे दिसतात. मोबाइल ॲपवर ऐकतो तोही या अर्थाने डिजिटल रेडिओ नव्हे. तो इंटरनेट रेडिओ. त्याला डेटा लागतो आणि नेटवर्क गेले की तो थांबतो.

डिजिटल रेडिओत कार्यक्रम हवेतूनच, ट्रान्समीटर आणि अँटेनाच्या मदतीने येतो. फरक पाठवण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या पद्धतीत आवाजाच्या चढउतारानुसार रेडिओलहर बदलते. मध्यम लहरींवर लहरीची उंची बदलते, एफएमवर तिची वारंवारता बदलते. वाटेत वीज कडाडली किंवा शेजारी मोटार सुरू झाली, की मध्यम लहरींवर खरखर ऐकू येते.

डिजिटल पद्धतीत आवाजाचे आधी शून्य आणि एक अशा आकड्यांत रूपांतर होते. ते आकडे आटोपशीर करून अनेक बारीक उपलहरींवर वाटून पाठवले जातात. वाटेत काही आकडे गळाले तरी सेट उरलेल्यांवरून हिशेब जुळवतो, त्यामुळे आवाज स्वच्छ येतो. सोबत कार्यक्रमाचे नाव, बातम्यांचा मजकूर किंवा बाजारभावही स्क्रीनवर पाठवता येतात.

या पद्धतीची एक अडचणही आहे. साध्या रेडिओवर केंद्र दूर गेले की खरखर हळूहळू वाढते, तरी कान देऊन ऐकता येते. डिजिटल सिग्नल ठरावीक मर्यादेखाली गेला, की आवाज तुटतो आणि पाठोपाठ पूर्ण बंद पडतो. अंधूक ऐकू येणे हा प्रकार त्यात जवळजवळ नाही. डोंगराळ भागात हे विशेष महत्त्वाचे ठरते.

युरोपात काय घडले?

युरोपात ‘डॅब’ नावाची पद्धत रुजली. तिच्यावरचे संशोधन १९८० च्या दशकात सुरू झाले. १९९५ मध्ये नॉर्वेत आणि ब्रिटनमध्ये तिचे प्रसारण सुरू झाले. डॅबमध्ये एकाच ट्रान्समीटरवरून अनेक वाहिन्यांचा गठ्ठा पाठवला जातो. त्यामुळे दर वाहिनीमागचा खर्च कमी होतो.

नॉर्वे हा डोंगर आणि खोल खाड्यांचा देश. तिथल्या प्रत्येक दरीत प्रत्येक वाहिनीसाठी वेगळी एफएम यंत्रणा ठेवणे महाग पडत होते. डिजिटलकडे जाण्याचे ते एक मोठे कारण होते. पण सरकारने आधी अटी घातल्या. सार्वजनिक प्रसारक एनआरकेचे डिजिटल जाळे त्याच्या मुख्य एफएम वाहिनीइतकेच, म्हणजे जवळजवळ सगळ्या लोकसंख्येपर्यंत, पोहोचले पाहिजे आणि रोजच्या श्रोत्यांपैकी निम्मे तरी डिजिटल मार्गाने ऐकत असले पाहिजेत. त्यानंतर ११ जानेवारी २०१७ रोजी नूरलँड प्रांतापासून एफएम बंद करायला सुरुवात झाली. त्याच वर्षी डिसेंबरात हे काम संपले. छोट्या स्थानिक केंद्रांना मात्र एफएमवर राहू दिले.

एवढी तयारी असूनही नाराजी झालीच. घरातले चालू रेडिओ निरुपयोगी झाले आणि जुन्या गाड्यांसाठी वेगळे उपकरण विकत घ्यावे लागले. ब्रिटनने दुसरी वाट धरली. तिथे १९९५ पासून डिजिटल आहे आणि एफएमही सुरू आहे.

भारताने कोणती पद्धत निवडली?

आकाशवाणीने १९९७ मध्ये दिल्लीत डॅबचा प्रयोग केला होता, पण पुढे ‘डीआरएम’ पद्धत निवडली. डिजिटल रेडिओ मोंदियाल हे तिचे पूर्ण नाव. ‘मोंदियाल’ म्हणजे फ्रेंचमध्ये जागतिक.

डॅबच्या लहरी फार लांब जात नाहीत, त्यामुळे दाट वस्तीच्या, लहान देशांना ती सोयीची. डीआरएम मात्र मध्यम लहरी, लघुलहरी आणि एफएम अशा तिन्ही पट्ट्यांवर चालते. आकाशवाणीकडे मध्यम लहरींचे मोठे ट्रान्समीटर आणि उंच मनोरे आधीपासून होते. एक मध्यम लहरी ट्रान्समीटर शेकडो किलोमीटर परिसरात ऐकू जाऊ शकतो. त्यामुळे जुनी यंत्रणा बदलून किंवा सुधारून तीच डिजिटल करणे सोयीचे होते. डिजिटल प्रसारणाला तेवढ्याच क्षेत्रासाठी वीजही कमी लागते.

त्यानुसार आकाशवाणीचे ३५ च्या आसपास मध्यम लहरी ट्रान्समीटर डीआरएमसाठी सज्ज झाले. महानगरे, राज्यांच्या राजधान्या आणि सीमाभाग यांवर त्यात भर होता. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याचा त्यात समावेश आहे.

घोडे अडले ते सेटवर. ट्रान्समीटर बसले, पण दुकानात डीआरएम रेडिओ मिळेना. सेट नाहीत म्हणून श्रोते नाहीत, आणि श्रोते नाहीत म्हणून कंपन्या सेट काढत नाहीत. काही कंपन्यांच्या नव्या मोटारींत डीआरएमची सोय आली, पण अनेक मालकांना ती आपल्या गाडीत आहे हेही ठाऊक नसते. शेतात झाडाला अडकवायचा किंवा हॉटेलच्या फळीवर ठेवायचा स्वस्त डिजिटल रेडिओ मात्र सर्वसामान्य बाजारात रुजलाच नाही.

ट्रायच्या नव्या शिफारशी काय आहेत?

२०२५ च्या शिफारशी खासगी एफएम वाहिन्यांबद्दल आहेत. आकाशवाणी प्रसार भारतीच्या अखत्यारीत येते आणि तिचे निर्णय वेगळे होतात. या शिफारशींतले ठळक मुद्दे असे:

- देशभर एकच डिजिटल तंत्र असावे, म्हणजे श्रोत्याला एकच सेट सगळीकडे चालेल.
- साधे एफएम आणि डिजिटल दोन्ही एकाच वेळी सुरू ठेवावे.
- एका ठरलेल्या वारंवारतेवर एक साधी वाहिनी, तीन डिजिटल वाहिन्या आणि एक माहितीची वाहिनी देता यावी.
- साधे प्रसारण कधी बंद करायचे, हे डिजिटलची प्रगती पाहून नंतर ठरवावे.
- सुरुवात ४ महानगरे आणि ९ मोठ्या शहरांपासून करावी.

शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. धोरण ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. पण दिशा यातून कळते: डिजिटल रेडिओ आधी जाहिरातींचा पैसा जिथे आहे तिथे येईल.

बुलढाण्याचा प्रश्न वेगळा का?

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेने त्यांचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा हे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, तर मलकापूर सुमारे २५० मीटरवर. उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या डोक्यावर सातपुडा उभा आहे.

रेडिओलहरींना या उंचसखलपणाने मोठा फरक पडतो. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मनोऱ्यापासून सेटपर्यंत मध्ये डोंगर आला, की त्याच्या आडोशाला सिग्नल क्षीण होतो. अकोल्याचे आकाशवाणी केंद्र १०२.४ मेगाहर्ट्झ एफएमवर आहे. शेगाव आणि खामगाव अकोल्याच्या बाजूचे, शिवाय मध्ये सपाट खोरे. लोणार, सिंदखेडराजाकडे मात्र अंतरही वाढते आणि मध्ये घाटही येतो.

मध्यम लहरींचे तसे नाही. त्या दिवसा जमिनीला धरून पसरतात आणि डोंगर काही प्रमाणात ओलांडतात. जळगावचे ९६३ किलोहर्ट्झ आणि नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झ ही मध्यम लहरी केंद्रे त्यामुळेच आपल्या शहरांच्या पलीकडे दूरवर ओळखीची झाली. (हे जळगाव खान्देशातले, जळगाव जामोद हा बुलढाण्यातला तालुका.)

डिजिटल झाल्याने लहरींचे हे गुणधर्म बदलत नाहीत. एफएमच्या पट्ट्यावरचा डिजिटल सिग्नलही घाटाआड अडतो. साध्या एफएमवर खरखरीत का होईना, ऐकू येणारे केंद्र डिजिटलवर अजिबात न लागण्याची शक्यताही असते. म्हणून अशा जिल्ह्यात एकतर घाटावर आणि घाटाखाली वेगवेगळे एफएम ट्रान्समीटर हवेत, नाहीतर लांब पल्ल्याचा मध्यम लहरी डिजिटल ट्रान्समीटर हवा.

देशाचा कल मात्र सध्या एफएमकडे आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये प्रसार भारतीसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची ‘बाइंड’ योजना मंजूर केली. आकाशवाणी एफएमची व्याप्ती लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांहून थोडी वर आणि भूभागाच्या ५९ टक्क्यांवरून सुमारे ६६ टक्क्यांवर नेणे, हे तिचे एक उद्दिष्ट. म्हणजे योजना पूर्ण झाली तरी देशाचा तिसरा हिस्सा भूभाग आकाशवाणीच्या एफएमबाहेर राहतो. दऱ्याखोऱ्यांतल्या गावांसाठी मध्यम लहरी का लागतात, ते या आकड्यावरून समजते.

मोबाइल असताना रेडिओ कशाला?

रोजच्या दिवशी मोबाइल पुरतो. प्रश्न येतो तो वाईट दिवशी. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली. नद्यानाल्यांना पूर आले, शेते खरडून गेली. अशा वेळी वीज जाते, मोबाइल मनोऱ्याची बॅटरी काही तासांत उतरते आणि उरलेल्या नेटवर्कवर गर्दी होते. रेडिओचा ट्रान्समीटर मात्र शंभर किलोमीटर दूर कोरड्या जागी असू शकतो. तो एक माणूस ऐको की एक लाख, त्याच्यावर भार वाढत नाही. दोन सेलवर चालणारा सेट कित्येक दिवस पुरतो.

डीआरएममध्ये याच्या पुढची एक सोय आहे. आणीबाणीचा इशारा प्रसारित झाला, की तशी सोय असलेला आणि सावध स्थितीत ठेवलेला सेट आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीवर जाऊ शकतो. मजकूर एकापेक्षा जास्त भाषांत दाखवता येतो आणि कमी ऐकू येणाऱ्यालाही तो वाचता येतो. पूर्णाकाठच्या गावांना रेडिओ डिजिटल झाल्याचा खरा फायदा हा आहे. पण त्यासाठी तो सेट घरात असायला हवा.

आज बुलढाण्याचा श्रोता काय करू शकतो?

- घरात डीडी फ्री डिश असेल तर: आकाशवाणीच्या चाळीसहून अधिक वाहिन्या तिच्यावर मोफत ऐकता येतात. सिग्नल उपग्रहाकडून येत असल्याने घाटाचा अडथळा नाही. मात्र टीव्ही आणि वीज लागते.
- मोबाइलमध्ये एफएम असेल तर: इअरफोनची वायर अँटेनाचे काम करते आणि डेटा लागत नाही. फोनमधली ही सोय बंद करून ठेवू नये, अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोबाइल उद्योगाला केली होती.
- नेटवर्क चांगले असेल तर: ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर आकाशवाणीची केंद्रे ऐकता येतात.
- नवी गाडी असेल तर: रेडिओच्या मेनूत एएम, एफएमशेजारी डीआरएम दिसते का ते पाहावे. मुंबई-पुण्याच्या प्रवासात त्याचा उपयोग होऊ शकतो.
- ‘डिजिटल’ लिहिलेला सेट घेताना: खोक्यावर डीआरएमचा उल्लेख आहे का, ते तपासावे. डॅबचा परदेशी सेट भेट आला, तर त्यातले डॅब इथे उपयोगाचे नाही. त्यात एफएम असेल तर तेवढे चालेल.
- जुना रेडिओ असेल तर: टाकून देऊ नये. साधे प्रसारण बंद करण्याची तारीख ट्रायने सुचवलेली नाही.

नॉर्वेने आधी दऱ्याखोऱ्यांत डिजिटल सिग्नल पोहोचवला आणि मग एफएम बंद केले. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांसाठी हाच क्रम महत्त्वाचा आहे: आधी घाटावर आणि घाटाखाली सारखा सिग्नल, मग परवडणारा सेट, आणि त्यानंतरच जुने प्रसारण थांबवण्याचा विचार. हा क्रम उलटला, तर सर्वांत आधी रेडिओ बंद पडेल तो नेटवर्क नसलेल्या गावाचा.